यादीत गुडघा आला

हिंगोली जिल्ह्यात कोणी कशानं आजारी पडायचं हे हट्टा गावचे बांगडीवाले चाचा ठरवतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मी हिंगोलीच्या एका दवाखान्यात, राज्य सरकारच्या आरोग्य योजनेच्या टेबलावर बसतो. पेशंटचं रेशनकार्ड बघायचं, आजार योजनेत बसतो का ते बघायचं आणि मोफत उपचाराची मंजुरी मागवायची, एवढं माझं काम. पण चाचा ज्याला घेऊन यायचे त्याच्या बाबतीत बघण्यासारखं काही उरायचंच नाही. ते दारातूनच पुकारायचे, "बेटा, पित्ताशयाचा खडा, केशरी कार्ड, पान सातवं, वरून तिसरा!" मी सातवं पान उघडायचो. वरून तिसरा पित्ताशयाचा खडाच असायचा.

वास्तविक चाचांचा योजनेशी काडीचा संबंध नव्हता. खेड्यापाड्यांत, तांड्यांवर फिरून बायकांना बांगड्या भरणं हा त्यांचा पिढीजात धंदा. एकदा कुणाला तरी भेटायला दवाखान्यात आले, माझ्या टेबलावरची आजारांची यादी उचलून उभ्या उभ्या चाळली आणि "झेरॉक्स काढून आनतो" म्हणून जे गेले ते महिन्यानं उगवले. तोवर यादी तोंडपाठ झाली होती. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची दुखणी राहिली, यादीतली आणि यादीबाहेरची. यादीबाहेरच्या दुखण्याला ते दुखणं मानायचेच नाहीत. सर्दी-खोकल्याला ते "शौक" म्हणत. शेजाऱ्याचं पोट दोन दिवस दुखत होतं, तर त्याला मोठ्या आशेनं एसटीत घालून घेऊन आले. डॉक्टरांनी पोट तपासलं आणि गॅस आहे म्हणाले. चाचांचा चेहरा पडला. "सायेब, जरा बराबर दाबून पाहा ना. अपेंडिक्स निघंल. पान नववं." तेवढ्यात शेजाऱ्यानं लांबलचक ढेकर दिला आणि त्याला एकदम मोकळं वाटलं. परतीच्या गाडीत चाचा त्याच्याशी हट्ट्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पुतणीसाठी स्थळ पाहायला गेले तेव्हा मुलाला त्यांनी शिक्षण विचारलं नाही. "हार्टचं काई?" "न्हाई चाचा." "किडनी?" "न्हाई." "मंग कार्ड काढून तरी काहून ठेवलंस रे?"

मात्र एका बाबतीत सगळा दवाखाना चाचांपुढं हात टेकायचा. योजनेसाठी अंगठा मशीनवर ठेवावा लागतो, आणि वर्षानुवर्षं हळद काढणाऱ्या बायांच्या अंगठ्यावर रेषा म्हणून उरलेली नसते. मशीन लाल दिवा दाखवतं आणि बाई घाबरून आणखीच ताठरते. मग चाचा पुढं सरकायचे. कोमट पाणी, तेलाचा थेंब, आणि बांगडी भरताना दाबतात तसा हात हलके हलके दाबत माहेरची चौकशी. "बाई बोलन्यात गुतली की हात सैल पडतो, बेटा. मशीनलाबी सैल हातच लागतो." तांड्यावरच्या एका आजींचा अंगठा मशीननं अकरा वेळा नाकारला. बाराव्यांदा हिरवा दिवा लागला, तोपर्यंत चाचांनी सवयीनं आजींच्या हातात सहा हिरव्या बांगड्याही भरून टाकल्या होत्या. त्या तशाच हातानं आजी ऑपरेशनला गेल्या.

पुढं योजना बदलली. रेशनकार्डाचा रंग बघणं संपलं, ती सगळ्यांनाच लागू झाली, आणि नवी यादी आली. अर्ध्या तालुक्याच्या कार्डांचे रंग पाठ असलेल्या माणसाला याचं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण मी दवाखान्याचं कुलूप काढतोय तोच चाचा धावत आले. "बेटा, गुडघा आला!" कोणाचा, म्हणून मी त्यांच्या मागं पाहिलं. मागं कोणीच नव्हतं. "अरे यादीत! गुडघा बदलून द्यायचं यादीत आलं!" पुढचा आठवडाभर ते हट्ट्यात रस्त्यानं लंगडत जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून त्याचं अभिनंदन करत होते. एकाच्या फक्त चपलेचा अंगठा तुटला होता. त्याचंही केलं.

मग एका सकाळी ते चाचींना घेऊन आले. दोन माणसांनी धरून त्यांना रिक्षातून उतरवलं. चाची कित्येक वर्षं घराच्या उंबऱ्याबाहेर पडलेल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. चाचांनी जुनी यादी पहिल्यांदा हातात घेतली ती गुडघा शोधायला. तो सापडेना, म्हणून ती पुन्हा पुन्हा वाचली, आणि तशात बाकीची सगळी पाठ झाली.

डॉक्टरांनी तपासून शस्त्रक्रिया करायची असं सांगितलं. आता अंगठा. चाचींनी मशीनवर ठेवला. लाल दिवा. पुन्हा लाल. रांगेतले सगळे चाचांकडं पाहू लागले. चाचांनी तेलाची बाटली काढली, चाचींचा हात धरला आणि बाटलीचं बूच उघडायचंच विसरले. अख्ख्या तालुक्यातल्या बायांचे हात धरणारा हा माणूस बायकोचा हात चारचौघांत पहिल्यांदाच धरत होता. चाची लाजून पुटपुटल्या, "हात छोडो जी, लोगां देख रैं."

चाचांनी वळून रांगेला हात जोडले. "मेहेरबानी करा. जरा तिकडं तोंड करा."

आणि रांग वळली. पेशंट, नातेवाईक, वॉर्डबॉय, औषधांचं खोकं घेतलेला माणूस, सगळे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मीही खुर्ची फिरवली. कोण, काय, काहून असं कोणी विचारलं नाही. पाठीमागं चाचांचा बारीक आवाज येत होता. त्यांनी चाचींना माहेरचं काही विचारलं असावं, कारण चाची एकदम हसल्या. मशीन टिंग वाजलं. सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करूनच टाळ्या वाजवल्या.

मंजुरी आली, शस्त्रक्रिया नीट पार पडली. काही महिन्यांनी दुसऱ्या गुडघ्याचीही झाली.

परवा हिंगोलीच्या एसटी स्टँडवर चाचा दिसले. साखऱ्याची गाडी सुटायच्या बेतात होती आणि खिडकीत चाची बसल्या होत्या. साखरा त्यांचं माहेर. इतक्या वर्षांनी त्या एकट्या निघाल्या होत्या. पायरी त्या स्वतःच चढल्या, असं चाचांनी मला दोनदा सांगितलं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"आठ म्हनली. भैनीनं ठेवून घेतलं तर पंधरा." गाडी फाटकातून बाहेर पडली, पण ते तिकडंच पाहत राहिले. "डॉक्टरनं सगळं समजून सांगितलं बेटा. टाके, गोळ्या, व्यायाम. एक गोष्ट तेवढी न्हाई सांगितली. नवा गुडघा दिला की मानूस जाऊबी शकतो."

मी चहा घेऊ म्हणालो. ते म्हणाले, थांब, वळणावर परत एकदा दिसंल ती.