आद्य मानवांचे खोरे

माघातल्या उन्हाला कोल्हापुरात गुळाचा वास येतो. शहराभोवती गुऱ्हाळे पेटलेली असतात, काहिलींत रस उकळत असतो, आणि दुपार कलू लागली की पंचगंगेकडून येणारा वारा तो उष्ण, मधुर, किंचित करपट गंध गल्लीगल्लीतून वाहत आणून अंगणाअंगणात ठेवून जातो. त्या गंधाने मला उसाची आठवण होत नाही. ब्रह्मदेशापलीकडच्या, मी कधीही न पाहिलेल्या एका अरण्याची आणि त्या अरण्यातल्या धुक्याने झाकलेल्या खोऱ्याची आठवण होते. ते खोरे भूगोलात नाही. साहसकथा लिहिणाऱ्या एका लेखकाने ते रचले होते, आणि स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत आमच्या घरातल्या तिघांनी त्यात पुष्कळ काळ वास्तव्य केले.

मी तेव्हा शाळेत संस्कृत शिकवीत असे. मुले तसल्या साहसी कादंबऱ्यांनी वेडावली होती. मानव मूळचा कोण, कुठला, यावर कुणा पंडिताने मांडलेला तर्क घ्यायचा, त्यात एक विक्षिप्त प्राध्यापक, एक धाडसी तरुण आणि एक जीर्ण नकाशा सोडायचा, आणि त्या सर्वांना हिमनद्यांवरून, दलदलींतून, शत्रूच्या बंदुकांपुढून धावायला लावायचे, अशी त्या ग्रंथांची घडण. कुणी आदिमानवाला ध्रुवावर जन्माला घाली, कुणी समुद्रतळाशी गेलेल्या भूखंडावर, कुणी तर त्याला थेट नक्षत्रलोकातून भूतलावर उतरवी. ज्या प्रश्नापुढे ऋषीही हात जोडून थांबले, त्याचे उत्तर शेवटच्या प्रकरणात हमखास मिळे, याचे मला हसू येई आणि थोडा विषादही वाटे. मुलांच्या मनात काय चालले आहे ते पाहावे, म्हणून महाद्वाराजवळच्या वाचनालयातून मी तसल्याच एका तीन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग घरी आणला.

वडील आयुष्यभर देवळाच्या मंडपात पुराण सांगत आले होते. दृष्टी गेल्यावर ते घरी बसले, आणि शाळा सुटल्यावर त्यांना पुराण वाचून दाखवणे हा माझा नेम झाला. त्या दिवशी पोथी बांधून झाल्यावर मी खिडकीशी बसून ती कादंबरी चाळू लागलो.

"मनात काय वाचतोस रे? पानं भराभर उलटताहेत."

"कादंबरी आहे, बाबा. मानवाच्या उत्पत्तीवर."

"उत्पत्तीवर? मग मोठ्यानं वाच. मंगलाचरण कुणाचं आहे?"

"मंगलाचरण नाही."

"देवाचं नाव नाही, आणि उत्पत्ती सांगायला बसला! वाच, वाच. बघू तरी कुठवर पोचतो ते."

कादंबरीतल्या प्राध्यापकाचा सिद्धांत असा, की पहिली माणसे दक्षिण समुद्रातल्या एका विशाल भूमीवर नांदत होती. ती भूमी बुडाली, आणि वाचलेले मूठभर लोक नौकांतून उत्तरेकडे निघाले. वडिलांची मान डोलू लागली. मत्स्यावतारातली प्रलयाची कथा त्यांना नवी नव्हती.

"प्रलय आहे, नाव आहे. मासा कुठे आहे?"

"यात मासा नाही, बाबा."

"मग नाव ओढली कुणी?"

संध्याकाळचा रतीब घालायला आलेली हौसाबाई दुधाची कासंडी कमरेवर धरून दारात उभी होती. ती खळखळून हसली. "वल्ह्यानं वडली आसंल की वं, शास्त्रीबुवा! वाचा फुडं. माजी म्हस तिकडं वाट बघतीया, पर बुडत्यांला सोडून जाववंना बघा."

अक्का माजघराच्या उंबऱ्याशी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. ती माझी थोरली बहीण. तिचे यजमान लष्करी कचेरीत कारकून म्हणून ब्रह्मदेशात गेले होते. युद्ध तिथवर येऊन थडकले तेव्हा हजारो माणसे अरण्यांतून पायी निघाली. परतलेल्यांपैकी एकाने त्यांना वाटेत पाहिल्याचे सांगितले, आणि त्यानंतर काहीच नाही. पत्र नाही, तार नाही, मृत्यूची वार्ताही नाही. अक्का आमच्याकडे राहू लागली. रोज सकाळी आरशापुढे बसून ती कुंकू लावी, आणि ते लावताना तिचा हात इतका स्थिर असे की पाहणाऱ्यालाच कापरे भरावे.

दुसऱ्या भागात ते खोरे आले. समुद्रातून निघालेले ते आद्य मानव ब्रह्मदेशापलीकडच्या डोंगरांत पोचले होते, आणि धुक्याआड अजूनही, जसे होते तसेच, राहत होते. तिथे गेलेल्याला आपले नाव आठवत नाही, गाव आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून तो दुःखीही नसतो. प्राध्यापकांच्या तुकडीतला एक भूमापक त्या धुक्यात शिरतो आणि दिसेनासा होतो. इथवर वाचून मी पान उलटणार तोच उंबऱ्यावरून आवाज आला.

"विसरतात म्हणजे सगळंच?"

"पुस्तकात तसं म्हटलं आहे."

अक्काने हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "मग रागावण्यात काही अर्थ नाही," ती म्हणाली. इतकी वर्षे ती कुणावर तरी रागावलेली होती, हे मला तेव्हा प्रथमच कळले.

आमच्या वाचनाची एक अडचण होती. पुराणिकांच्या घरात असा संकेत असतो की अशुभ प्रसंगावर पोथी बांधू नये. कुणी संकटात असेल तर त्याची सुटका होईपर्यंत वाचीत जावे, आणि क्षेमाची ओळ आली की मगच हात जोडून थांबावे. वडिलांनी तो नियम या कादंबरीलाही लावला. परंतु या लेखकाची युक्तीच अशी, की प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी कड्यावरून लोंबकळत असे. एक संकट टळले की त्याच ओळीत दुसरे उगवे. क्षेमाची जागा शोधता शोधता दिवेलागण होई, देवापुढची निरांजने थांबत, हौसाबाईची म्हैस गल्लीच्या टोकाशी हंबरू लागे, आणि वडील उद्वेगाने म्हणत, "या गृहस्थाला श्रोत्याला जेवायला सोडायची रीत ठाऊक नाही." तरी दुसऱ्या दिवशी पुराणाचा अध्याय संपला रे संपला की ते विचारीत, "तो भूमापक?"

अशाच एका माघात अक्काचे धाकटे दीर विष्णुपंत मलकापूरहून आले. मनुष्य सौम्य, मितभाषी. पाणी पिऊन ते बराच वेळ टोपी हातात फिरवीत बसले. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. थोरल्या मुलाला गती मिळाल्याखेरीज मी डोळे मिटणार नाही, असा तिने ध्यास घेतला होता. नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या पानांचे देठ जोडून त्याची प्रतिकृती करावी आणि तिला अग्नी द्यावा, असे शास्त्र आहे. ती बारा वर्षे भरली होती. विष्णुपंतांना माझ्याकडून विधीचा निर्णय हवा होता, आणि अक्काकडून संमती. संमतीचा अर्थ घरात सर्वांनाच ठाऊक होता. त्या अग्नीनंतर तिचे कपाळ रिकामे व्हायचे होते.

अक्काने त्यांचे सगळे म्हणणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "तिसरा भाग वाचून होऊ द्या."

"कसला तिसरा भाग, वहिनी?"

मी खालमानेने ते काय आहे ते सांगितले. विष्णुपंत थक्क होऊन तिच्याकडे पाहत राहिले. "वहिनी, कादंबरीवर का ठरवायचं हे?"

"भावजी, सरकारला अर्ज केले, त्यांनी काही कळवलं नाही. ज्योतिष्यांनी चौघांनी चार सांगितलं. आता तेवढंच राहिलं आहे."

तिच्या स्वरात भ्रम नव्हता. कादंबरी रचलेली असते हे ती जाणत होती. परंतु जिथे कुणीच काही सांगू शकत नव्हते तिथे निदान एकाने त्या अरण्यात पाऊल टाकण्याचे धैर्य दाखवले होते, आणि त्याने काय पाहिले ते ऐकून घ्यावे, एवढेच तिचे मागणे. मी वाचनालयात गेलो. तिसरा भाग फळीवर होता.

दुसऱ्या दिवशी विष्णुपंतही आमच्यात बसले. तिरपे ऊन वडिलांच्या निमालेल्या डोळ्यांवर पडले होते. हौसाबाईने कासंडी खाली ठेवली आणि पदर सावरून ती पायरीवर टेकली. प्राध्यापकांची तुकडी एका रुंद नदीशी येते. पलीकडच्या तीरावर धुके विरळते, आणि वल्कले नेसलेल्या, वाढल्या दाढीच्या एका माणसाची आकृती दिसते. तो भूमापक असतो. इकडून हाका जातात. त्याला आपले नाव ओळखू येत नाही. तरी कुठलीशी अबोध ओढ त्याला पुढे लोटते, आणि तो पाण्यात उतरतो, कमरेइतक्या पाण्यात येऊन थबकतो, या तीराकडे पाहत राहतो. त्याच क्षणी वरच्या अंगाने डोंगरातला लोंढा गर्जत येत असल्याचा ध्वनी होतो. प्रकरण संपले.

माझे बोट पुढच्या पानाखाली गेले होते. अक्का उठून आली आणि तिने उघड्या पुस्तकावर तळहात ठेवला.

"इथंच थांब."

"अगं, तो पाण्यात उभा आहे," वडील कळवळून म्हणाले. "वरून लोंढा येतो आहे. अशा जागी पोथी बांधतात होय?"

"पाण्यात उभा आहे म्हणजे आहे ना, बाबा?"

हौसाबाईने पदर तोंडाशी नेला. वडिलांनी हात पुढे करून पुस्तक चाचपले, ते स्वतःच मिटले, आणि पुराणाच्या पोथीला करीत तसा त्याला नमस्कार केला. विष्णुपंतांनी पुन्हा विधीचा विषय काढला नाही. फक्त हळूच म्हणाले, "आईला काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मी येते."

रत्नागिरीच्या रस्त्याने मलकापूर गाठेपर्यंत उन्हे उतरली होती. मी सोबतीला गेलो होतो. म्हातारीचा देह अंथरुणात एखाद्या घडी केलेल्या पातळाएवढाच उरला होता. अक्का तिच्या उशाशी बसली, तिचा हात हाती घेतला, आणि एखाद्या आप्ताचे क्षेमकुशल सांगावे तितक्या साध्या स्वरात ते खोरे तिला सांगू लागली; धुके, नदी, समुद्रातून आलेली पहिली माणसे.

म्हातारी पुष्कळ वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिथं भात होतो का गं?"

"होतो, सासूबाई."

"अन् वाढतं कोण त्याला?"

"तिथली माणसं अगदी पहिली आहेत. दारात आलेल्याला नाव-गाव विचारायचं असतं, हे त्यांना अजून ठाऊक नाही. आधी पान वाढतात."

म्हातारीने डोळे मिटले. "मग राहू दे त्याला तिथं," ती म्हणाली. "उगाच पळस तोडू नका."

चैत्रात ती गेली, शांतपणे, असे विष्णुपंतांनी कळवले.

मी आस्तिक मनुष्य आहे. असत्याला असत्य म्हणण्याचे शिक्षण मला लहानपणापासून मिळाले आहे. तरी त्या उशाशी जे बोलले गेले त्याला कोणते नाव द्यावे, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. वडीलही मंडपात बसून ज्या नगरांची, ज्या द्वीपांची वर्णने करीत ती त्यांनी कुठे पाहिली होती? पुढे मी त्या जातीच्या कादंबऱ्या आणखी वाचल्या. त्यांतले सिद्धांत दर पाच-दहा वर्षांनी मोडत, नवे येत. आज ध्रुव, उद्या तारे. परंतु प्रत्येकाच्या मुळाशी मला एकच व्याकूळता दिसे. आपण इथले नव्हे, कुठून तरी निघून आलो आहोत, आणि त्या मूळच्या घरी कुणीतरी अजून आपली वाट पाहत असेल, ही ती व्याकूळता. अशा कथा लिहिणारे त्या घराच्या शोधात बंदुका आणि नकाशे घेऊन निघत. अक्का तेच घर उंबऱ्यावर बसून, उलट्या बाजूने, वाट पाहणाऱ्याच्या बाजूने पाही. तिच्या दृष्टीने वाट चुकलेला मानव एकच होता.

तिसरा भाग मी वाचनालयाला परत केला. वर्गातल्या मुलांना शेवट ठाऊक होता. मी त्यांना विचारला नाही. हळदीकुंकवाला काही घरे अक्काला बोलवीत, काही टाळीत. ती दोन्ही प्रकार सारख्याच शांतीने घेई. पुढे वडील गेले, विष्णुपंत गेले, आणि पुष्कळ वर्षांनी एका श्रावणात अक्काही गेली. तिला कोणते वस्त्र नेसवावे, यावर बायकांत कुजबुज सुरू झाली तेव्हा मी हिरवे पातळ काढून दिले आणि मळवट भरायला सांगितले.

भाद्रपदाच्या वद्य नवमीला, पतीच्या आधी गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध करतात. अक्काला मूल नव्हते. अधिकाराच्या उतरंडीत भावाचा क्रम पुष्कळ खाली येतो, परंतु वर कुणी उरले नाही म्हणून ते मी करतो. एका सवाष्णीला जेवू घालतो, तिची ओटी भरतो. या श्राद्धाला आमच्याकडे एक मर्यादा मानतात. पती निवर्तला की ते थांबवायचे असते. गेल्या वर्षी आमच्या तरुण गुरुजींनी दर्भ आवरता आवरता, माझ्या वयाचा मान राखून, चाचरत विचारले, "काका, हे अजून चालू ठेवायचं ना?"

"आम्हाला अजून काही कळलेलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या वर्षीची तिथी पंचांगात पाहिली. बाहेर पाऊस उघडून ओले ऊन पडले होते. जेवून उठलेली सवाष्ण ओटीचे तांदूळ पदरात सावरीत, भिजल्या पायऱ्यांवरून जपून उतरत होती.