शिडाची बोट आणि धोंड्याचे जावई

"जावईबापू, या तुमी पुढं!" भाऊसाहेब सुकाणू धरून ओरडले.

"छ्या, छ्या! मामा, तुमी व्हा आधी!" समोरच्या पेडल बोटीतून त्यांचे जावई ओरडले.

दोन्ही बोटींमध्ये वीसेक फूट पाणी उरलं होतं. मी शिडाच्या बोटीत भाऊसाहेबांशेजारी बसले होते आणि मला डोळ्यांसमोर तिकीट खिडकी दिसत होती.

तिकीट खिडकीचं कारण असं. राजूरच्या पुढे धरणावर एका बोट क्लबमध्ये मी शिडाच्या बोटी चालवायला शिकवते. मूळची मी संगमनेरची. पोहायला प्रवरेत शिकले, शीड धरायला कोकणात. त्या रविवारी सकाळीच मॅनेजरसाहेबांनी बजावलं होतं, "मॅडम, मागच्या आठवड्यात तुमच्या शिडाच्या काठीने एका गेस्टची टोपी पाण्यात पाडली. आज एक जरी कम्प्लेंट आली, तर शिडाच्या बोटी शेडमध्ये आणि तुम्ही तिकीट खिडकीवर." मला पाण्यावरच काम करायचं आहे. तिकिटं फाडायला मी जन्माला आलेली नाही.

भाऊसाहेब माझे विद्यार्थी. ट्रॅक्टरच्या शोरूममधून रिटायर झालेले, वय बासष्ट, हौस बाविशीतली. त्या दिवशी त्यांची टेस्ट होती: पाण्यातल्या लाल पिंपाला वळसा घालून परत यायचं. नेमका अधिक महिना चालू होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. भाऊसाहेबांनी दोन्ही कार्यक्रम एकाच दिवशी उरकायचे ठरवले. नऊ पेडल बोटी भरून पाहुणे आमच्यासोबत पाण्यात उतरले. शिकाऊ माणसाला मोकळं पाणी लागतं. मला वरात मिळाली.

आता थोडं शास्त्र. शिडाची बोट वाऱ्यावर चालते. तिला ब्रेक नसतो आणि हवं तिकडे चटकन वळताही येत नाही. पेडल बोट पाय मारून कुठेही वळते. म्हणून नियम असा, की पेडलवाल्याने बाजूला व्हायचं आणि शीडवाल्याने सरळ जायचं. सरळ जाणं हेही कर्तव्यच असतं, कारण त्याशिवाय समोरच्याला अंदाज येत नाही. हा नियम भाऊसाहेबांना तोंडपाठ होता. पण नियमात जावई नव्हता.

जावयाला वाट द्यायची म्हणून भाऊसाहेब डावीकडे वळले. मामांना आडवं कसं जायचं म्हणून जावई उजवीकडे वळले. समोरासमोर असताना या दोन्ही दिशा एकच होतात. चूक लक्षात आल्यावर दोघांनी "सॉरी, सॉरी" म्हणत बाजू बदलली. पुन्हा एकच बाजू.

"भाऊसाहेब, दोरी सोडा!" मी ओरडले. दोरी सोडली की शीड नुसतं फडफडतं आणि बोटीचा जोर जातो. त्यांनी दोरी सोडली. मग सुकाणूही सोडलं, आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "जावईबापू, माफी असावी!"

धाड!

पेडल बोट बदकाच्या आकाराची होती. आमचं टोक बदकाच्या गळ्यावर बसलं. मुंडकं तुटून पाण्यात पडलं, त्यामागोमाग जावयाच्या मांडीवरचा धोंड्यांचा डबा गेला. डबा धरायला वाकलेले जावई खांद्यापर्यंत भिजले.

"लागलं का कुठे?" मी विचारलं. जावयांनी तोंड फिरवलं. शेजारी त्यांची बायको, म्हणजे भाऊसाहेबांची लेक बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, रुसलेत. आता सांजपोतर ह्यांच्या तोंडातून शब्द निघायचा न्हाई."

शब्द निघाला. "तक्रारवही कुठं हाय?"

मला पुन्हा तिकीट खिडकी दिसली. तेवढ्यात काय झालं ते बघायला उरलेल्या आठही बोटी आमच्याभोवती गोळा झाल्या. कुणी मोबाईलवर शूटिंग करत होतं, कुणी वाकून बदकाचं मुंडकं हाताने ओढत होतं. जेट्टीवरून मॅनेजर भोंग्यातून विचारत होते, "मॅडम, काय चाललंय?" मी शिट्टी वाजवली, हातवारे केले. "सरका!" म्हटलं की लोक आणखी जवळ येऊन विचारायचे, "काय म्हणता?" वारा वाढत होता. खरं सांगते, सगळ्यांना पाण्यात ढकलून द्यावंसं वाटलं.

मग मी नियम बाजूला ठेवला. "पाहुणे," मी जावयाला म्हटलं, "तुम्ही या इकडे, शिडाच्या बोटीत. सुकाणू तुम्ही धरा. मामा बदकात बसतील."

मामा लगेच उठले. एकेकाला धरून मी अदलाबदल केली. सुकाणूवर जावयाचा हात होता. त्याखाली माझाही होता, पण तो लांबून दिसत नव्हता.

"ए, सरका की बाजूला!" भाऊसाहेबांची थोरली बहीण तिच्या बोटीतून कडाडली. "जावई येत्यात, दिसत न्हाई का?"

आणि आठही बोटी दोन्ही बाजूंना झाल्या. घसा फोडून मला जे जमलं नव्हतं, ते आत्याबाईंनी एका वाक्यात केलं. आम्ही मधून निघालो. जावयाने एकदाही दिशा बदलली नाही. सरळ जायचं त्यांना शिकवावं लागलंच नाही.

जेट्टीवर मॅनेजरने घाबरत घाबरत वही पुढे केली. जावयाने हात पुसले, पेन मागितलं आणि सावकाश लिहिलं: "शिडाची बोट उत्तम. बदक फार कच्चं आहे. मुक्काम जामखेड."

शेडमध्ये बदकं गेली, गळ्याला पट्ट्या ठोकून घ्यायला. माझी नोकरी पाण्यावरच राहिली.

आता दर रविवारी लाइफ जॅकेट वाटताना मी पेडलवाल्यांना एवढंच सांगते: शीड दिसलं की जावई आला समजा. सगळे मुकाट बाजूला होतात. भाऊसाहेबांना मात्र मी नापास केलं. जमिनीवर नम्र माणसाचं भलं होत असेल. गर्दीच्या पाण्यात कुणातरी एकाला निगरगट्टपणे सरळच जावं लागतं, आणि ते त्यांना या जन्मी जमेल असं वाटत नाही.