पत्ता विचारणाऱ्या बाई

बाई कोणाचंही वाक्य मध्येच थांबवून पत्ता विचारायच्या. रेडिओ केंद्रात त्यांना मागे सगळे ‘पोस्टमास्तर’ म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. आठवड्यातून एकदा सकाळी लागणारा पर्यावरणाचा कार्यक्रम त्या करायच्या. मी त्यांच्या हाताखाली हंगामी वार्ताहर होतो. एकदा एक निवृत्त अधिकारी रेकॉर्डिंगला आले. त्यांनी सुरुवात केली, “आज पर्यावरणाचा समतोल ढासळत चालला आहे.”

बाईंनी टेप थांबवली. “कुठे?”

“सर्वत्रच.”

“सर्वत्र आमची गाडी जात नाही. एखादी जागा सांगा.”

साहेब चिडले. पाणी प्यायले. मग हळूहळू आपल्या गल्लीतल्या एका चिंचेबद्दल सांगू लागले. ती तोडल्यापासून समोरच्या शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत बाहेर येत नाहीत, म्हणाले. पंधरा मिनिटांचा तो कार्यक्रम पुढे लोकांनी पत्रं लिहून पुन्हा मागवला.

पाहुण्यांना रेकॉर्डिंगच्या आधी चहा द्यायचा नाही, हा बाईंचा आणखी एक नियम. “चहा पोटात गेला की माणूस सभ्य बोलायला लागतो,” त्या म्हणत. टेप कापायचं काम ब्लेडनं स्वतः करायच्या, पण बोलणाऱ्याचा खोकला, अडखळणं, मध्येच थांबणं कापायच्या नाहीत. माझ्या बोलण्यात ‘आहे’च्या जागी गावाकडचं ‘हाय’ यायचं. एका निवेदकानं त्यावरून माझी सगळ्यांसमोर टिंगल केली, तेव्हा बाई कागदातून मान वर न करता म्हणाल्या, “शुद्ध बोलायला आपल्याकडे पगारी माणसं आहेत. त्यांना खरं काही सांगायचं असलं तर त्यांनीही सांगावं.” त्यानंतर पुन्हा कोणी हसलं नाही.

एका पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याची बातमी मी क्युसेकच्या आकड्यासकट लिहून दिली. बाईंनी तो आकडा खोडला. “अहो वार्ताहर, लोकांच्या घरात क्युसेक शिरत नाहीत, पाणी शिरतं. कुठवर आलंय ते बघून या.” मी भिजत शनिवार पेठेच्या घाटावर गेलो आणि परत येऊन लिहिलं, की घाटाच्या वरच्या पायरीला पाणी लागलं आहे, नदीपात्रात लावलेल्या गाड्या काढून घ्या. दुसऱ्या दिवशी तिथल्याच एका आजोबांचा फोन आला, की पाणी त्या पायरीला लागलं नव्हतं, तिच्या खालच्या पायरीला लागलं होतं. मला हसू आलं. बाईंनी मात्र पुढच्या कार्यक्रमात दुरुस्ती सांगितली आणि आजोबांचे आभार मानले.

हे सगळं मी मजेत सांगतो आहे. पण बाईंची आठवण आली की मला आधी आठवतो तो आमच्या गावचा ओढा.

आमचं गाव तेव्हा नुकतंच महापालिकेच्या हद्दीत आलं होतं. जमिनीला भाव आला होता. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा भरून ट्रक यायचे आणि ओढ्यात रिकामे व्हायचे. ओढा बुजला की सपाट जागा मिळायची. बाईंनी या विषयावर मला बातमी करायला सांगितली. मी लिहिलं : ‘शहरालगतच्या एका गावात ओढ्यात भराव टाकला जात आहे.’

“गावाला नाव नाही?” बाईंनी विचारलं.

मी खरं सांगितलं. गाव माझं होतं आणि ट्रक आमच्या जमिनीत रिकामे होत होते. माझे वडील, आप्पा, स्वतः उभं राहून ते रिकामे करून घेत होते. त्या भरावावर माझ्या वाट्याच्या दोन खोल्या उभ्या राहणार होत्या. रोज संध्याकाळी घरी जाताना मला ते ट्रक दिसत. मी काही बोलत नव्हतो, कारण त्या खोल्या मलाही हव्या होत्या.

बाईंनी माझा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “बातमी सोडायची असेल तर सोडा. मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. पण करायची असेल तर वडिलांना विचारल्याशिवाय करायची नाही. त्यांच्या मागे त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. मी येते बरोबर.”

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या मागे स्कूटरवर बसून आल्या. आप्पा ओढ्याकाठीच होते. बाई कोण आणि कशाला आल्या आहेत हे मी चाचरत सांगितलं. आप्पा माझ्याकडं न बघता त्यांना म्हणाले, “बसा. च्या सांगतो.”

“चहा नंतर घेईन.”

“आमच्याकडं च्या न घेता कुनी बसत न्हाय.”

“मग मी उभी राहते,” बाई म्हणाल्या, आणि खरंच शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. आप्पांना हसू आलं. बाईंनी टेप सुरू केली, आणि ते बोलायला लागले.

“बाई, ह्या वढ्यात आमी पवायला शिकलो. बैलं हितंच धुतली. मग वर सोसायट्या झाल्या, त्यांनी संडासाचं पानी सोडलं. तवा तुमचा रेडिओ कुटं व्हता? घान आली, डास आलं, बायका धुण्याला यायच्या बंद झाल्या. मेलेल्यावर माती टाकावीच लागती. ती म्या टाकतोय.”

“मेलाय हे कुणी ठरवलं?”

आप्पांनी ओढ्याकडं पाहिलं. “पावसात येतंय की पानी. दरसाली येतंय.”

“यंदा आलं तर कुठं जाईल?”

आप्पा थांबले. ती टेप मी पुढं अनेकदा ऐकली, तेव्हा ते किती वेळ थांबले ते कळलं. खाली ओढ्याच्या वळणावर बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. “खाली,” ते म्हणाले. “त्या मान्सांच्यात.”

मग त्यांनी हात आडवा केला. “ह्ये लावू नका.”

बाईंनी टेप मागं फिरवली आणि तिथंच, पहिल्यापासून, त्यांना सगळी ऐकवली. मग म्हणाल्या, “तुमचं नाव नको असेल तर मी काढते. पण हे शेवटचं वाक्य काढून बाकीचं लावणार नाही. लावलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. तुम्ही सांगाल तसं.”

मी टेपरेकॉर्डरकडं बघत होतो. आप्पांकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

“नाव काढलं तर गाव म्हनंल, पोरानं बापाची चहाडी केली,” आप्पा म्हणाले. “नावासकट लावा. माझ्या तोंडानं म्या बोललोय.”

कार्यक्रम तसाच लागला, सोसायट्यांच्या पाण्यासकट आणि आप्पांच्या थांबण्यासकट. गावात आप्पांनी बरंच ऐकून घेतलं. “काय आप्पा, आता पुढारी व्हनार का?” असं कोणी विचारलं, की ते “मत देनार का?” म्हणून विचारायचे. आमच्या जमिनीत ट्रक यायचे थांबले. टाकलेला भराव त्यांनी पदरमोड करून काढला. शेजारच्यांचे ट्रक थांबले नाहीत. आज तो ओढा आमच्या हद्दीत उघडा आहे, पुढं पाइपात जातो. माझ्या खोल्या झाल्या नाहीत. मी कसबा पेठेत भाड्यानं राहतो आणि अजून रेडिओसाठीच काम करतो.

त्यानंतर दर पावसाळ्यात आप्पा गावातल्या बूथवरून केंद्रात फोन करायचे. मला नाही, बाईंना. ओढ्याला पाणी कुठवर आलं ते सांगायचे, आणि बाई ते कार्यक्रमात त्यांच्या नावानं सांगायच्या.

बाई आता नाहीत. पण आप्पा गेले तेव्हा त्या होत्या, निवृत्त झालेल्या, काठी टेकत आलेल्या. आम्ही दारातल्या बाकावर बसलो होतो. मी म्हणालो, “त्या दिवशी तुम्ही आला नसतात तर मी नाव न घेता बातमी लावली असती. आणि आयुष्यभर आप्पांच्या समोर मान खाली घालून जेवलो असतो.”

बाईंनी काठी बाकाला टेकवली. मग म्हणाल्या, “फोनवर पाण्याचं सांगून झालं, की ते दरवेळी एक विचारायचे. पोरगं नीट बोलतं का?”

“मग तुम्ही काय सांगायचात?”

“मी सांगायचे, बोलतो. तुमच्याइतकं नाही.”

मी हसलो, आणि मग मला काही बोलता येईना. बाई माझ्याशेजारी बसून राहिल्या. त्यांनी घाई केली नाही.