सीताफळाच्या रद्दीत मी

माझ्या नि बायकोच्या आधारच्या झेरॉक्स पुसट आल्या, म्हणून मी शहाण्यासारखा त्या दुकानातच टाकून आलो. आठवड्यानं मांजरसुंब्याच्या फाट्यावर सीताफळं घेत होतो. हातगाडीवाले चाचा झेरॉक्सच्या रद्दीत फळं बांधत होते. पण प्रत्येक कागद आधी डोळ्यांजवळ धरायचे आणि नंबर दिसला की तेवढी पट्टी फाडून उरलेल्या चहात बुडवायचे. एका कागदावरून त्यांची नजर माझ्यावर आली.

"साहेब, हे तुमीच की. फोटो काळा आलाय, पन नंबर लई साफ हाय. कुनीबी सिम काढंल."

"चाचा, एवढा खटाटोप कावून?"

"फळ सडकं निघालं तर बदलून देतो. मानसाचं नाव सडलं तर काय देऊ?"

घरी मी हे रंगवून सांगितलं. बायकोनं हातातलं सीताफळ खाली ठेवलं.

"तुमची सापडली. माझी कुठंय?"