गौताळ्याचं जंगल, पितळखोऱ्याची लेणी आणि अण्णांचा वाघ

आमच्या घरात ‘अण्णांचा वाघ’ हे एक माप आहे. कुणी लग्नाला हजार पानं उठली असं सांगितलं, की दुसरा हमखास विचारतो, ‘अण्णांचा वाघ धरून की सोडून?’ अण्णा म्हणजे माझे वडील. पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसला जन्मलेले, औरंगपुऱ्यात वाढलेले आणि जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलेले. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांची नेमणूक होती. तिथून ते आईला सायकलवर डबलसीट घेऊन पितळखोऱ्याची लेणी बघायला गेले आणि ओढ्यावर त्यांच्या समोर वाघ उभा राहिला, अशी ती गोष्ट.

लहानपणी आम्ही ती शंभर वेळा ऐकली. चौथीत असताना मी त्या वाघाचं चित्रही काढलं होतं, पिवळाधमक, अंगभर काळे पट्टे. अण्णांनी ते भिंतीवर लावलं. पुढे भाऊ कॉलेजात गेला आणि कुठून तरी वाचून आला की त्या डोंगरात तेव्हा वाघ उरलेच नव्हते. झालं, तेव्हापासून थट्टा सुरू झाली. आईला विचारलं तर ती हातातलं काम न सोडता हसायची आणि म्हणायची, “तुमच्या अण्णांलाच इचारा.” ती जाऊन आता चार वर्षं झाली.

या दिवाळीपासून अण्णा विसरायला लागलेत. चष्मा फ्रीजमध्ये सापडतो, दूधवाल्याचं नाव आठवत नाही. एका दुपारी पेपर वाचता वाचता ते म्हणाले, “मंजू, ती ओढ्याची जागा एकदा बघून येऊ. नाहीतर मीच विसरून जाईन, आणि तुम्ही तर आधीपासूनच मानत नाही.” आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच मला जास्त लागलं. मी त्याच संध्याकाळी चौकशी सुरू केली.

ज्यांना असं एका दिवसात जाऊन यायचंय त्यांच्यासाठी सांगते. शहरापासून पितळखोरा जाऊन-येऊन साधारण दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर पडतं. बसने जाणं अवघड आहे, शेवटच्या टप्प्याला वाहन मिळत नाही. आम्ही एक माहीतगार माणूस गाडीसकट ठरवला. त्यांचं नाव सांडूभाऊ, राहणार कन्नडजवळच्या एका वाडीत, पंचेचाळिशीचे. स्वतःची जीप, स्वतःची दुर्बीण आणि दिवसभर फक्त तुम्हीच. सकाळी गौताळ्याच्या अभयारण्यात जनावरं, दुपारी लेणी, दिवेलागणीला घरी. मला साडेचार हजार सांगितले, जेवण वेगळं. अण्णांचं वय ऐकून त्यांनी घडीचं स्टूल बरोबर घेतो म्हणून सांगितलं, तेव्हाच मला माणूस आवडला.

फोनवर मी त्यांना एक विनंतीही केली. ती सांगायला आता लाज वाटते, पण सांगते. म्हटलं, आमच्या वडिलांनी पन्नासेक वर्षांपूर्वी तिथे वाघ पाहिला असं ते म्हणतात. त्यांनी विचारलं तर तुम्ही आपलं हो म्हणा, तेव्हा वाघ होते म्हणा. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेल.

मग ते म्हणाले, “ताई, गुरुजींचं मन नाय मोडायचो मी. पन जंगलाच्या बाबतीत खोटं नाय बोलवत. जनावर दिसलं तर दिसलं म्हनायचं, नाय तर नाय. बघू तिथं गेल्यावर.”

पहाटे साडेपाचला जीप दारात. मार्गशीर्षातली थंडी होती, अण्णांनी कानटोपी, मफलर आणि त्यावर आईची जुनी शाल असा जामानिमा केला होता. दौलताबादचा किल्ला अंधारातच मागे पडला, वेरूळच्या पुढे उजाडलं. रस्ता चांगला आहे, पण उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे अडकलात की गाणी म्हणत बसायचं. कन्नडला स्टँडजवळ थांबून भजी आणि कडक चहा घेतला. पाण्याच्या बाटल्या इथंच भरून घ्या, लेण्यांपाशी काही मिळत नाही. रोख पैसेही ठेवा, जंगलाच्या नाक्यावर पावती फाडावी लागते.

“गुरुजी कोन्या शाळंवर होते म्हने?” सांडूभाऊंनी गाडी चालवता चालवता विचारलं. अण्णांनी गावाचं नाव अचूक सांगितलं, वर शाळेला किती खोल्या होत्या तेही. दूधवाला विसरणारे अण्णा हेच का, असं मला वाटलं.

गौताळ्यात शिरलं की एकदम सगळं गप्प होतं. सागाची पानं निम्मी गळालेली, गवत पिवळं पडलेलं, आणि उन्हं तिरपी येत होती. पहिल्यांदा मोर दिसले, मग वानरांची टोळी. एका वळणावर सांडूभाऊंनी गाडी बंद केली आणि नुसतं बोट दाखवलं. पाण्याच्या कडेला सात-आठ नीलगायी. इकडे त्यांना रोही म्हणतात. एक मोठा काळपट नर मान वर करून आमच्याकडे बघत होता. अण्णांनी दुर्बीण नको म्हणून सांगितलं. “असंच बरं दिसतं,” म्हणाले आणि शालीची कड मुठीत धरून कितीतरी वेळ बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते. घरात हल्ली त्यांची नजर कशावर ठरत नाही, इथे ठरली होती.

थोडं पुढे, धुळीच्या वाटेवर सांडूभाऊ उतरले आणि खाली वाकले. “या ताई. गुरुजींलाबी आना.” धुळीत एक ठसा होता, गोल, चार बोटं, नखं नाहीत. “बिबट्या. रातीचा गेलाय. आमच्याकडची जुनी मानसं यालाबी वाघच म्हनत्यात.”

मी मनात खूश झाले, म्हटलं चला, तोडगा निघाला. खोटंही बोलावं लागणार नाही. पण अण्णा काठीवर रेलून त्या ठशाकडे बघत उभे राहिले आणि मग स्वतःच गाडीकडे वळले. लेणी येईपर्यंत मी दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना? त्यांनी मान हलवली.

पितळखोऱ्याची गंमत अशी की गाडी थांबते तिथे काहीच दिसत नाही. सपाट माळ आणि समोर एकदम खोल घळ. लेणी खाली, घळीच्या कड्यात. आता बांधीव पायऱ्या आहेत, पण बऱ्याच आहेत, आणि खाली ओढा ओलांडून जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये. आम्ही दर वीस पायऱ्यांनी स्टूल मांडत उतरलो. अत्तर लावून येऊ नका आणि आरडाओरडा करू नका, कड्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात. सांडूभाऊ त्यांच्याखालून जाताना कुजबुजत बोलतात.

ही लेणी फार जुनी, अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांच्या काळातली किंवा त्याही आधीची. वेरूळसारखी इथे रांग लागत नाही, आम्ही पोचलो तेव्हा आम्ही तिघंच होतो. पुढचा बराच भाग कोसळलाय. खांब तुटलेत. पण विहाराच्या जोत्यावर ओळीने हत्ती कोरलेत, जणू सगळी इमारत त्यांच्याच पाठीवर उभी आहे. दाराशी हातात भाले घेतलेले दोन राखणदार, बाजूला दगडी नाग, ज्याच्या फण्यांतून पूर्वी पाणी झिरपायचं म्हणतात. अण्णा एकेका हत्तीसमोर थांबत गेले. एकाजवळ म्हणाले, “हा. याच्या पायाशी बसून आम्ही धपाटे खाल्ले. तिनं बांधून आणले होते.” मग सभोवार बघून म्हणाले, “चल, ओढ्यावर.”

ओढ्याला अजून घोटाभर पाणी होतं. सांडूभाऊंनी सावलीत स्टूल मांडलं आणि स्वतः खडकावर उकिडवे बसले. अण्णांनी काठीने पलीकडचा एक चपटा खडक दाखवला. “तिथं होता.”

मी सांडूभाऊंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“गुरुजी, एक इचारू का? अंगावर पट्टे व्हते का ठिपके?”

मी मध्ये पडले. “अहो, इतक्या वर्षांनी काय आठवणार त्यांना.”

“थांब,” अण्णा म्हणाले. चष्मा काढून शालीला पुसला. बराच वेळ पुसत राहिले. “मला माहीत नाही. मी पाहिलाच नाही.”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“तिनं पाहिला. आम्ही इथूनच उतरत होतो, तेव्हा पायऱ्या नव्हत्या. ती पुढं होती. एकदम थांबली, माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, ‘वाघरू.’ मी तिकडं बघायचं सोडून तिच्याकडं बघितलं. आणि म्हणालो, ‘वाघरू नाही, वाघ म्हणावं.’”

माझ्या तोंडून हसू फुटलं.

“सवयच होती ना. नवीन नोकरी, नवीन लग्न. ती पाचोडची, शेतात वाढलेली. व्हय, नाय, लई, सगळं तसंच बोलायची. मी दिवसभर पोरांचं शुद्ध करायचो आणि घरी येऊन तिचं. मी तिला शुद्ध करून सांगेपर्यंत तिकडं फक्त गवत हलत होतं. एवढंच पाहिलं मी. हललेलं गवत.”

“मग तुम्ही गोष्ट...”

“गावात पोचल्यावर मी तिला म्हणालो, तू सांग सगळ्यांना. ती म्हणाली, ‘तुम्हीच सांगा, माझं बोलनं तुमाला चुकीचं वाटतं.’ म्हणून मी सांगितली. तिच्या जागी मी उभा राहिलो आणि तिच्या वाघरूचा वाघ केला. तू पट्टे काढलेस तेव्हा मी म्हणालो, छान. काय सांगणार होतो?”

सांडूभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, “वाघरू म्हनलं आसंल तर बिबट्याच आसनार, गुरुजी. आमची आईबी बिबट्याला वाघरूच म्हनायची. म्हाताऱ्या मानसांचा शब्द हाय त्यो. वैनींनी बराबर सांगितलं व्हतं.”

अण्णांनी मान डोलावली. “बरोबर सांगितलं होतं,” त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. आई त्या हसण्यात काय काय दडवून होती, ते मला त्या खडकापाशी कळलं. आम्ही तीस वर्षं अण्णांच्या वाघाची थट्टा केली आणि जिने खरोखर पाहिलं होतं तिला एकदाही ‘तू काय पाहिलंस’ असं विचारलं नाही. विचारायचो ते ‘अण्णा म्हणतात ते खरं का’ एवढंच.

वर चढायला जवळजवळ एक तास लागला. जेवण परतीच्या वाटेवर एका ढाब्यावर, शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी. खानदेश जवळ असल्यामुळे इकडची शेवभाजी झणझणीत असते, सोबत दही मागून घ्या. अण्णांनी दीड भाकरी खाल्ली. सांडूभाऊंनी जेवताना त्यांना विचारून विचारून आईच्या घरचे शब्द काढून घेतले आणि आपल्याकडचे सांगितले. दोघांचं असं काही जमलं होतं की मी आपली दही वाढत बसले. घरी पोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते. निघताना सांडूभाऊ अण्णांच्या पाया पडले. मी फोनवरच्या विनंतीबद्दल माफी मागितली, तर म्हणाले, “आवो ताई, खरं लई चांगलं निघालं की.”

चहा ठेवते तोच पुण्याहून भावाचा फोन. “काय, दिसला का अण्णांचा वाघ?” मी काही बोलायच्या आत अण्णांनी हात पुढे करून फोन मागून घेतला.

“वाघ नव्हता रे. वाघरू होतं. तुझ्या आईनं पाहिलं. मी नाही पाहिलं.” आणि फोन माझ्या हातात परत दिला. भाऊ पलीकडे ‘हॅलो, हॅलो’ करत होता. त्या रात्री त्याला सगळं सांगायला मला तासभर लागला.

या सहलीला महिना होऊन गेला. लोक विचारतात, जायला हवं का? जरूर जा. जनावर दिसेलच असं नाही, पण हत्ती हमखास दिसतील, आणि ते दोन हजार वर्षं कुठे गेलेले नाहीत. बरोबर घरातलं एखादं जुनं माणूस न्या आणि ओढ्यापाशी थोडा वेळ बसा. आणि त्याची गोष्ट ऐकून झाली की गोष्टीत आणखी कोण होतं तेही विचारा.

अण्णांना आता जीप आठवत नाही. सांडूभाऊ कोण, हे काल दोनदा सांगावं लागलं. कन्नडला गेलो होतो हेही त्यांना पटत नाही. मी घाबरत घाबरत विचारलं, “अण्णा, वाघरू आठवतं का?”

ते खिडकीतून बाहेर बघत होते. “व्हय,” म्हणाले. “तिनं पाहिलं.”

सत्त्याहत्तर वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकल्याचं कुणीच सांगणार नाही. मी औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासते, म्हणजे अण्णांचाच रोग मलाही आहे. हे लिहितानाही कॉम्प्युटर ‘वाघरू’ आणि ‘व्हय’ या दोन शब्दांखाली लाल रेघ ओढतोय. मी दोन्ही तसेच ठेवलेत.