फोटोतल्या समद्याईले विचारलं काय?

परवानगी या गोष्टीवर जगात कुणी खरं प्रेम केलं असेल, तर ते माझ्या मैत्रिणीच्या काकांनी. दुर्ग स्टेशनावर उभी हयात काढून ते असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले, आणि पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही हा रेल्वेचा नियम पेन्शनीबरोबर घरी घेऊन आले. स्वतःच्या घरात ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबून "येऊ काय?" असं विचारत. काकू कामात असल्या आणि उत्तर आलं नाही, तर चहा न घेता परत फिरत. कढीपत्त्याची पानं तोडण्याआधी झाडाला विचारत. झाडाचं उत्तर त्यांना कसं कळायचं ते मला माहीत नाही, पण काही दिवशी त्या घरची कढी पाल्याशिवाय व्हायची हे मी पाहिलं आहे. जामुलच्या बसमध्ये खिडकीशी बसलेल्या माणसाने मान हलवल्याखेरीज ते शेजारच्या रिकाम्या जागेवर बसत नसत. एकदा तो माणूस झोपलेला निघाला, तर काका भरल्या पिशवीसकट जामुलपर्यंत उभ्याने गेले. आणि माझ्या मैत्रिणीच्या लग्नात तर त्यांनी मंगलाष्टकं चालू असताना हात वर करून भटजींना थांबवलं, कारण पोरीला "पसंत आहे ना?" असं त्या दिवशी कुणी विचारलंच नव्हतं. वऱ्हाड खवळलं. अंतरपाटामागून बारीक आवाजात "हो" आलं, तेव्हा कुठे अक्षता पडल्या. त्या दिवशी मला या माणसाचं फार कौतुक वाटलं होतं. ते कौतुक त्यांच्याशी माझं काम पडेपर्यंत टिकलं.

मी तेव्हा भिलाईवर एक लहानसं पुस्तक लिहीत होते. भट्ट्या, चिमण्या, रशियन इंजिनियर आणि पाहुण्यांचे हारतुरे यांवर लिहिणारे पुष्कळ होते. मला लिहायचं होतं ते पोलाद कारखान्याच्या जमिनीसाठी उठवलेल्या गावांवर. ज्या साहेबाला भेटावं तो एकच सांगे, की इथे पूर्वी पडीक माळ होता, बाकी काही नव्हतं. माझे वडील रेल्वेत, युनियनचे, आमच्या घरात पोथ्यांपेक्षा पत्रकं जास्त. पुराव्याशिवाय बोललेला शब्द म्हणजे नुसती वाफ, हे मी लहानपणीच शिकले होते. आणि पुरावा काकांच्या ट्रंकेत होता. कारखाना येण्याआधी एका कार्तिकात त्यांचं कुटुंब आवळीभोजनाला त्यातल्याच एका गावी गेलं होतं. आवळ्याखाली पंगत झाली आणि दुर्गच्या फोटोवाल्याने सगळ्यांना रांगेत उभं करून फोटो काढला. पुढे घरची अकरा माणसं, आणि मागे अख्खं गाव: कौलारू घरं, तळं, तळ्याची पाळ आणि तो आवळा. त्या गावाचं दुसरं चित्र कुठेही नव्हतं. फोटोवाल्याकडची निगेटिव्हची काच केव्हाच फुटली होती. नागपूरचा छापखाना एक पान कोरं ठेवून थांबला होता. मी फोटो मागितला, तर काका चष्मा पुसत म्हणाले, "मी कोण देणारा? फोटोतल्या समद्याईले विचारलं काय?"

मी हसले. ते हसले नाहीत.

पुढे माझे चार महिने यातच गेले; तेवढ्यात एखादा संपही मिटतो. नागपूरच्या आत्याबाईंनी कळवलं की फोटोत आपले डोळे मिटलेले आहेत, ते उघडे करता येत असतील तर हरकत नाही. काकांचे दोघे भाऊ भांडलेले. थोरला म्हणे, धाकट्याच्या शेजारी मी छापून येणार नाही, त्याला दुसऱ्या टोकाला उभा करा. बोरसीला राहणाऱ्या मावशींनी चहा पाजला, लग्नाचं विचारलं, आणि फोटोचा विषय निघाला की दर खेपेला त्यांना देवदर्शनाची आठवण येई. फोटोत कडेवर असलेलं बाळ आता कॉलेजात जात होतं. ते म्हणालं, "छाप दो दीदी, मेरा क्या जाता है," आणि सायकलवर टांग मारून गेलं. त्या मुलाला मी मनोमन आशीर्वाद दिला. काका प्रत्येकाचा होकार वहीत उतरवून घेत आणि मला "लेखिकाबाई, सिग्नल पडलं नाई अजून" असं सांगून परत पाठवत.

राहिले आजोबा, म्हणजे काकांचे वडील. ते वारून सहा वर्षं झाली होती. मला वाटलं, हे एक नाव तरी सुटलं. काका म्हणाले, पितृपक्षात विचारू. मी खूप वाद घातला. शेवटी त्या तिथीला भर दुपारी मी त्यांच्या गच्चीवर, पानात वाढलेल्या वडे-खिरीसमोर उभी होते, आणि कठड्यावर बसलेला कावळा आमच्याकडे पाठ करून बसला होता. काकांनी त्याला घरातली एकेक गोष्ट कबूल केली: भाऊ भांडणार नाहीत, विहीर उपसू, आईचं औषध चुकवणार नाही. कावळा ढिम्म. मग सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. देवधर्माविरुद्ध दोन लेख छापून आलेली मी, हात जोडून म्हणाले, "आजोबा, फोटोखाली तुमचं नाव पहिलं छापीन. हुद्द्यासकट." कावळ्याने वडा उचलला. त्याला भूक लागली होती, हे माझं मत आजही कायम आहे.

अकरा होकार झाले. मी पिशवी पुढे केली, तर काकांनी फोटोच्या डाव्या कडेला बोट ठेवलं. तिथे, रांगेच्या बरीच मागे, डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई उभी होती. पंगतीला पाणी दिलेली, गावातलीच.

"हिले?"

मी तिच्या गावावर चाळीस पानं लिहिली होती. फोटो तर शंभरदा पाहिला असेल. फोटोखाली छापायच्या ओळीत तिला मी "एक ग्रामस्थ स्त्री" लिहून ठेवलं होतं. काकांना तिचं नाव ठाऊक होतं, सुकवारो. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता, कारण या वेळी ते बरोबर होते.

तिला शोधायला मला आणि काकांना आठ दिवस लागले. ती कारखान्याच्या वसाहतीत नव्या क्वार्टर्सच्या बांधकामावर रेजा होती, विटा वाहायची. चुंबळ काढून, हात पदराला पुसून तिने फोटो घेतला आणि बराच वेळ बोटाने घरं मोजली. मी तिला पुस्तकाबद्दल सगळं सांगितलं, की गाव होतं हे जगाला कळेल. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झन छापव. घर मोर ए, फेर मोर मनखे एको झन नइ हें. सब तुंहरेच मन हव."

छापू नका. घर माझं, पण त्यात माझं माणूस एकही नाही, सगळी तुमचीच.

मी बोलायला तोंड उघडलं. तिच्यासाठीच तर लिहीत होते मी. काका हळूच म्हणाले, "पोरी, विचारलं म्हंजे नाई बी आयकाव लागते."

फोटो तिने परत केला नाही. काकांनी मागितला नाही. अकरा माणसांचा फोटो त्यांनी एकालाही न विचारता तिथे सोडला. पुस्तक फोटोशिवाय निघालं. "पुरावा काय?" असं ज्यांना विचारायचं होतं, त्यांनी विचारलंच.

पुढे मी अधूनमधून सुकवारोकडे जात असे. तिच्या झोपडीत दाराजवळ तो फोटो लावलेला होता. नखाने घडी घालून तिने पुढची रांग मागे दुमडली होती. आत्याबाई, भाऊ, आजोबा, काका, सगळे भिंतीकडे तोंड करून. समोर उरली होती घरं, तळं आणि कडेला ती. काका तेव्हा अंथरुणाला खिळले होते. सांगावं की नाही, ते मला ठरवता येईना. शेवटी सांगून टाकलं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, वाईट वाटलं असेल.

"आमी मांगं गेलो त गेलो," ते म्हणाले. मग, "आवळा दिसते काय?"

"दिसतो, काका. पूर्ण."

"मंग चांगलं हाये," म्हणाले, आणि कूस बदलली.