रो हाउसच्या अर्जावर माझं अक्षर

काल आठ दिवसांनी नळ आला. मी पिंप घासलं, फडकं बांधून पाणी भरलं, अंगणही धुऊन घेतलं. तेवढ्यात कॉलनीतल्या बायका आल्या. नगरपालिका नव्या रो हाउसांची परवानगी काही महिने थांबवायच्या विचारात आहे, आपणही पाठिंब्याचा अर्ज देऊ, म्हणाल्या.

"आमच्यात पुस्तकं वाचणाऱ्या तुम्हीच, तुम्हीच लिहा."

मी लिहिलं, नव्या घरांमुळे आम्हाला पाणी पुरत नाही. पहिली सही माझी. दुपारी अर्ज गेलाही.

संध्याकाळी शोभा आली. मूळची धावडा गावची, आमच्या गल्लीच्या टोकाला भाड्याने राहते. कॉलनीमागे तिने रो हाउस बुक केलंय, परवानगी यायची आहे.

"सहीला अर्ज माझ्याबी दारात आल्ता. अक्षर तुमचंच ना, काकू?"

"पाणी पुरत नाही गं," मी म्हणाले.

"तुमची मोटर चालू झाली की आमचा नळ नुसता फुसफुसतो. आज दोनच घागरी भरल्या. तुमचं तर अंगणबी धुतल्यालं हाये. आमी कधी अर्ज केला का?"

नळाला थेट मोटर ह्यांनी बसवली होती. ते गेल्यापासून तिचा आवाज सुरू झाला की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. पण ती दुसऱ्यांचं पाणी ओढते, हे मला ठाऊक होतं. मंडळी, तुमच्या नळाला आहे का मोटर? खरं सांगा.

आज सकाळी मी मोटर काढायला लावली. मग नगरपालिकेत जाऊन नवा अर्ज दिला: माझी सही रद्द करा, माझ्या नळाला मोटर होती.